संगणक सुरूच होत नाही? ‘मेला’ म्हणण्याआधी एवढं बघा



आपल्या पत्रकाच्या या पानावर आपण दर वेळी कामाचा एक पाठ घेतो. यावेळचा विषय संगणकाचा आहे. तो वाचून “हे आमचं काम नाही, पोरांना विचारा” असं म्हणून पान उलटू नका. हा विषय शेवटी गटाच्या पैशाचाच आहे.

आज प्रभाग संघाच्या ऑफिसात संगणक आहे. काही ग्रामसंघांकडे लॅपटॉप आलेत. ढाणकीत आणि आजूबाजूच्या गावांत आपल्या काही सख्यांनी गटाचं कर्ज घेऊन झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलंय. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीक विमा, सगळं त्या एका मशीनवर चालतं. ते बंद पडलं की दुकान बंद, आणि दुकान बंद पडलं की हप्ता थांबतो. अशा वेळी कोणी सांगितलं की “मशीन मेलं, नवं घ्या”, तर आपण दुसरं कर्ज काढायला निघतो. पण कधी कधी मशीन मेलेलं नसतं. त्याच्या आतला एक छोटासा प्रोग्राम बिघडलेला असतो आणि तो परत भरता येतो.

या पाठात तीन गोष्टी शिकायच्या: हा प्रोग्राम म्हणजे काय, तोच बिघडला हे कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं व दुरुस्तीवाल्याला काय विचारायचं.

१. बटण दाबल्यावर आत काय होतं

आपल्या ग्रामसंघाची बैठक डोळ्यासमोर आणा. बैठक सुरू व्हायच्या आधी कोणीतरी किल्ली घेऊन येते, कुलूप उघडते, लाईट लावते, सतरंजी टाकते, रजिस्टर आहे का बघते आणि मग अध्यक्ष ताईंना आवाज देते. त्यानंतर बैठक सुरू होते. किल्लीवालीच आली नाही तर सगळ्या जणी बाहेर उभ्या. पण आत कपाटातली पेटी आणि रजिस्टरं जशीच्या तशी असतात. त्यांना काही झालेलं नसतं.

संगणकातही अशी एक किल्लीवाली असते. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मोठ्या हिरव्या-काळ्या पाटीवर, नखाएवढी एक काळी चिप असते. बहुतेक वेळा तिला आठ पाय असतात. तिच्यात एक छोटा प्रोग्राम कायमचा भरलेला असतो. त्याला बायोस म्हणतात, म्हणजे बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम. नव्या मशीनमध्ये त्याचं सुधारलेलं रूप असतं, त्याला यूईएफआय म्हणतात. लोक मात्र दोन्हीला बायोसच म्हणतात. यंत्राच्या चिपमध्येच भरलेल्या अशा प्रोग्रामला फर्मवेअर हे नाव आहे. आकाराने तो लहान असतो. आजकालच्या लॅपटॉपमध्ये साधारण १६ किंवा ३२ एमबी, म्हणजे मोबाईलवर काढलेले चार-आठ फोटो मावतील एवढी जागा.

आपण बटण दाबलं की क्रम असा असतो:

पहिलं, वीज मिळते आणि या चिपमधला प्रोग्राम चालू होतो.
दुसरं, तो रॅम, कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क हे सगळे हजर आहेत का ते तपासतो.
तिसरं, तो स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह दाखवतो.
चौथं, तो डिस्कवरची विंडोज शोधतो आणि कारभार तिच्या हातात देतो.

आपली कागदपत्रं, फोटो, गटाचे हिशेब हे सगळं डिस्कवर असतं. बायोस वेगळ्या चिपवर असतो. म्हणून बायोस बिघडला तरी हिशेब जात नाहीत. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

२. हा प्रोग्राम बिघडतो कसा

फार जुन्या संगणकांत ही चिप एकदा भरली की बदलता यायची नाही. नंतर पुन्हा लिहिता येईल अशी चिप आली. त्याचा फायदा म्हणजे कंपनीला चूक सापडली की नवी आवृत्ती पाठवून ती सुधारता येते. यालाच बायोस अपडेट म्हणतात. धोकाही तिथेच आहे. अपडेट करताना जुना प्रोग्राम पुसला जातो आणि नवा लिहिला जातो. ही दोन-पाच मिनिटं फार नाजूक. मधेच लाईन गेली तर जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट. सारवण अर्धं झालं तर उरलेलं नंतर करता येतं, इथे तसं नाही. अर्धवट प्रोग्राम चालूच होत नाही.

बिघडायची मुख्य कारणं अशी:

– अपडेट चालू असताना वीज जाणं, किंवा स्क्रीन काळी दिसली म्हणून आपणच घाबरून बटण दाबून बंद करणं.
– दुसऱ्याच मॉडेलची फाईल टाकणं. नाव सारखं वाटतं, पण शेवटचा एक आकडा वेगळा असतो.
– विजेचा दाब अचानक वाढणं, आकाशातली वीज, किंवा चिप जुनी होणं.
– व्हायरस. हे आता क्वचित होतं, पण एके काळी झालेलं आहे.

त्या शेवटच्या कारणाची हकीकत सांगते. १९९८ साली तैवानमधल्या चेन इंग-हाऊ नावाच्या एका विद्यार्थ्याने एक व्हायरस लिहिला. त्याला सीआयएच म्हणतात. तो विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनमध्ये गुपचूप बसून राहायचा आणि २६ एप्रिलला जागा व्हायचा. १९८६ साली याच तारखेला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला होता, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरसही म्हणू लागले. २६ एप्रिल १९९९ ला जगभरात अनेक देशांतले संगणक एका दिवसात बंद पडले. हा व्हायरस डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसायचा आणि काही मदरबोर्डवर बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहायचा. त्या काळी अनेक मदरबोर्डवर ही चिप खाचेत बसवलेली असायची. दुरुस्तीवाले ती उपटून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा भरायचे आणि परत बसवायचे. म्हणजे ज्या मशीनला लोक मेलेलं म्हणत होते, त्यातली बरीच उठून बसली.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात, कैलास आणि संजय काटकर हे दोन भाऊ व्हायरसवर उपाय शोधण्याचं काम करत होते. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले होते. धाकट्या भावाने संगणकाचं शिक्षण घेतलं आणि दोघांनी मिळून क्विक हील हा अँटीव्हायरस उभा केला. इथे जाहिरात करायची नाही. सांगायचं एवढंच, की यंत्र उघडून ‘बिघडलं कुठे’ हे शोधण्याची सवय मोठ्या पदवीवर अवलंबून नसते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अँटीव्हायरस विंडोज चालू झाल्यावर काम करतो. मशीनच सुरू होत नसेल तर तेव्हा त्याचा उपयोग नाही.

३. ओळखायचं कसं

मशीन सुरू होत नाही म्हटलं की लगेच बायोसवर जायचं नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. खालच्या क्रमाने बघा.

पायरी १. वीज. बोर्डला दुसरं काहीतरी लावून बघा, मोबाईलचा चार्जर चालतो. डेस्कटॉपच्या मागे छोटा काळा स्विच असतो, झाडताना तो बंद होतो. लॅपटॉप असेल तर चार्जरचा दिवा लागतो का ते बघा.

पायरी २. स्क्रीन. डेस्कटॉपमध्ये मॉनिटर वेगळा असतो. त्याची वायर दोन्ही बाजूंनी घट्ट आहे का? कधी कधी मशीन व्यवस्थित चालू असतं, फक्त मॉनिटर बंद असतो.

पायरी ३. स्क्रीनवर काही अक्षर दिसतं का? ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. कंपनीचं चिन्ह दिसलं, किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं काही इंग्रजीत आलं, तर समजा की किल्लीवाली आलेली आहे. बायोस जिवंत आहे. दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. त्याचा मार्ग वेगळा.

पायरी ४. रॅम. डेस्कटॉपमध्ये हा दोष फार वेळा सापडतो. धूळ आणि ओल यामुळे रॅमच्या पट्टीचा खाचेशी संबंध तुटतो. वायर पूर्ण काढा, डब्याच्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली वीज उतरते, रॅमची पट्टी काढा, तिची सोनेरी कड खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि ‘टक’ असा आवाज येईपर्यंत परत बसवा. सवय नसेल तर एकदा जाणकाराकडून बघून घ्या, मग करा.

पायरी ५. छोटी बॅटरी. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, बहुधा सीआर २०३२ नावाचा. मशीन बंद असताना तारीख-वेळ आणि सेटिंग त्याच्यावर टिकते. दर वेळी तारीख चुकत असेल तर हा सेल संपलाय. डेस्कटॉपची वायर काढून हा सेल दहा मिनिटं बाहेर ठेवला तर बहुतेक मदरबोर्डवर सेटिंग मूळ जागी येते आणि काही मशीन तेवढ्यानेच सुरू होतात. पण यात एक समजून घ्या. सेल काढल्याने सेटिंग पुसली जाते, बायोसचा प्रोग्राम दुरुस्त होत नाही. तो प्रोग्राम वीज नसतानाही चिपमध्ये तसाच राहतो, चांगला असेल तर चांगला आणि बिघडलेला असेल तर बिघडलेला.

पायरी ६. आता बायोसवर संशय घ्या. लक्षणं अशी: दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन पूर्ण काळी. किंवा मशीन चालू-बंद, चालू-बंद करत राहतं. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं तरी त्याचा दिवा बदलत नाही. काही लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, परत तेवढ्याच वेळा लुकलुकतो. तो मशीनचा निरोप असतो. किती वेळा ते मोजून लिहा, कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचा अर्थ मिळतो.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मशीन बंद पडलं तेव्हा शेवटचं काय चालू होतं? अपडेट चालू होतं, आणि तेव्हापासूनच बंद आहे, तर संशय पक्का होत जातो.

४. आपल्याच भागातलं एक उदाहरण

एका ताईने गटाचं चाळीस हजारांचं कर्ज घेऊन लॅपटॉप आणि प्रिंटर घेतला होता. नाव तिने देऊ नका म्हटलं, म्हणून देत नाही. पीक विम्याचे दिवस होते, दुकानासमोर रांग. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच उतरलेली होती, मशीन फक्त चार्जरवर चालायचं. एका संध्याकाळी लॅपटॉप आपोआप बंद होऊन परत चालू झाला. काळ्या स्क्रीनवर एक पट्टी सरकत होती, खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तेवढ्यात लाईन गेली. लाईन आल्यावर दिवा लागला, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच.

दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत सांगितलं, “मदरबोर्ड गेला. अठरा हजार लागतील. त्यापेक्षा नवा घ्या.” ताई दुसऱ्या दिवशी गटात आली आणि पंचवीस हजारांचं आणखी कर्ज मागितलं. पहिल्या कर्जाचे अकरा हप्ते बाकी होते.

त्या बैठकीला मी होते. बायांचे चेहरे पडले. नाही म्हणावं तर हिचं दुकान जातं, हो म्हणावं तर दोन कर्जं हिच्या डोक्यावर आणि गटाची सगळी बचत एकीकडे. तेव्हा सचिव ताई म्हणाल्या, “मशीन मेलं म्हणते तो, पण मेलं कशानं ते काहून नाही सांगत? म्हैस मेली तरी आपण डॉक्टरचा कागद मागतो ना विम्याले.”

मग ताईला विचारलं, शेवटी काय दिसत होतं? ती सरकणारी पट्टी, तो इंग्रजी मजकूर, मधेच गेलेली लाईन, सगळं तिने सांगितलं. गटाने ठराव केला: कर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीत, तोपर्यंत मशीन दुसऱ्या ठिकाणी दाखवावं, तपासणीचा खर्च गटाने द्यावा. मोठ्या गावच्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याने चिप वाचली, प्रोग्राम अर्धवट सापडला, तो परत भरला. पंधराशे रुपये घेतले. मशीन सुरू झालं, सगळ्या फाईली जागेवर. दुकान चार दिवस बंद राहिलं, त्याचं नुकसान झालंच. पण दुसरं कर्ज टळलं.

पहिला दुरुस्तीवाला लबाड होता असं मी म्हणत नाही. चिप भरायचं यंत्र सगळ्यांकडे नसतं. ज्याच्याकडे नाही, त्याला मदरबोर्ड बदलणं हाच एक मार्ग माहीत असतो. म्हणून प्रश्न आपणच विचारायचा.

५. दुरुस्तीचे मार्ग: सोप्यापासून अवघडापर्यंत

पहिला मार्ग: थांबा. लॅपटॉपचा चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा. चार्जर लावून चालू करा आणि काही मिनिटं हात लावू नका. काही कंपन्यांची मशीन स्वतःच बिघाड ओळखून बायोस परत भरतात. त्या वेळी स्क्रीन काळी राहते, मशीन एक-दोनदा बंद-चालू होतं. घाबरून बटण दाबलं तर चालू असलेली दुरुस्ती मोडते.

दुसरा मार्ग: कळा दाबून दुरुस्ती. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये असं करतात: मशीन बंद, चार्जर लावलेला. विंडोजची कळ आणि बी ही कळ एकत्र दाबून धरा. तशाच धरून पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबा. पॉवरचं बटण सोडा, पण दोन्ही कळा धरूनच ठेवा. बीप ऐकू येते किंवा स्क्रीनवर दुरुस्तीचा संदेश येतो. डेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये कंट्रोल आणि एस्केप या कळा दाबून धरायच्या, मग चार्जर लावायचा आणि दुरुस्तीचा पडदा दिसला की कळा सोडायच्या. प्रत्येक मॉडेलला हे चालेलच असं नाही, म्हणून आपल्या मॉडेलची रीत कंपनीच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

इथे एक धोक्याची सूचना. काही मॉडेलमध्ये बायोसची राखीव प्रत डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवलेली असते. घाईघाईत कोणी डिस्क फॉरमॅट केली तर ती प्रतही जाते, आणि आपले हिशेबही. म्हणून ‘आधी फॉरमॅट मारून बघू’ याला सरळ नाही म्हणा.

तिसरा मार्ग: पेनड्राइव्ह. दुसऱ्या चालू संगणकावरून आपल्या नेमक्या मॉडेलची बायोसची फाईल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यायची. इकडून-तिकडून, कोणाच्या ग्रुपवरून आलेली फाईल घ्यायची नाही. पेनड्राइव्ह एफएटी ३२ प्रकारात फॉरमॅट करायचा (पेनड्राइव्ह बरं का, डिस्क नाही), फाईलचं नाव कंपनी सांगते तेच ठेवायचं आणि सांगितलेल्या खाचेत लावायचा. आसूस, एमएसआय, गिगाबाइट यांच्या काही डेस्कटॉप मदरबोर्डवर यासाठी मागच्या बाजूला वेगळं बटणच असतं. गिगाबाइटच्या काही बोर्डवर दोन चिप असतात. एक बिघडली तर दुसरी कामाला येते, घरात जादा किल्ली ठेवावी तसं.

चौथा मार्ग: चिप पुन्हा भरणं. हे दुरुस्तीवाल्याचं काम. तो मशीन उघडतो, चिपला चिमटा लावतो किंवा ती सोडवून काढतो, आणि छोट्या यंत्रावर (याला प्रोग्रामर म्हणतात) नवा प्रोग्राम भरतो. हे यंत्र काही शे रुपयांपासून मिळतं. पण चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ व्होल्टची हे न बघता जोडलं तर चिप जळू शकते. म्हणून हे घरी यूट्यूब बघून करायचं नाही.

पाचवा मार्ग: मदरबोर्ड बदलणं. वरचे चारही मार्ग करून झाल्यावर, आणि चिपशिवाय दुसरा दोष सापडला असेल तरच.

६. दुरुस्तीवाल्याला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून सोबत न्या. विचारायला लाजायचं नाही. पैसे आपले आहेत.

१. मदरबोर्ड गेला हे कशावरून ठरवलं? रॅम बदलून बघितली का?
२. बायोसची चिप वाचून बघितली का? तुमच्याकडे प्रोग्रामर आहे का? नसेल तर कोणाकडे आहे?
३. नवं भरण्याआधी जुन्याची प्रत काढून ठेवणार का? (मशीनचा अनुक्रमांक आणि बऱ्याचदा विंडोजच्या परवान्याची किल्लीही याच चिपमध्ये असते. जुनी प्रत ठेवली तर ते परत घालता येतं. प्रत दोनदा काढून दोन्ही सारख्या आहेत का ते बघणारा माणूस काम नीट करतो असं समजा.)
४. भरून झाल्यावर तपासून बघणार का?
५. डिस्कला हात लावावा लागेल का? लागणार नसेल तर ती काढून मला द्या.
६. एकूण खर्च किती? दुरुस्त झालं नाही तर किती? पावती द्या.

पाचवा प्रश्न नीट समजून घ्या. आपल्या डिस्कवर शंभर-दीडशे बायांच्या आधार कार्डाच्या, पासबुकाच्या प्रती असतात. त्या विश्वासाने दिलेल्या आहेत. बायोसच्या दुरुस्तीसाठी डिस्कची गरज बहुतेक वेळा लागत नाही. ज्या मशीनची डिस्क सुटी निघते, ती काढून आपल्याजवळ ठेवावी. हीच डिस्क एका छोट्या डबीत किंवा वायरने दुसऱ्या संगणकाला लावून फाईलीही वाचता येतात. लेखापरीक्षण तोंडावर आलं आणि मशीन दुकानात अडकलं, तरी हिशेब मिळू शकतो.

यात एक अडचण येऊ शकते. नव्या विंडोजमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते, त्याला बिटलॉकर म्हणतात. बायोस बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की मशीन ४८ आकडी किल्ली मागतं. ती किल्ली बहुतेक वेळा आपण मशीन पहिल्यांदा चालू करताना जे मायक्रोसॉफ्टचं खातं दिलं, त्यात साठवलेली असते. ते खातं कोणाच्या ईमेलवर काढलंय हेच आठवत नाही, अशी गंमत होते. दुकानदाराच्या मुलाने काढून दिलेलं असतं. म्हणून आजच ते शोधा आणि किल्ली कागदावर लिहून पेटीत ठेवा.

७. असं होऊच नये म्हणून

– बायोस अपडेट विनाकारण करू नका. करायचंच असेल तर लॅपटॉपची बॅटरी चांगली भरलेली आणि चार्जरही लावलेला असू द्या. डेस्कटॉपला यूपीएस हवाच.
– लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर ती बदलणं हा खर्च नाही, विमा आहे. चालू बॅटरी असती तर वरच्या उदाहरणातलं मशीन बंद पडलंच नसतं.
– स्क्रीनवर पट्टी सरकत असेल आणि ‘डू नॉट टर्न ऑफ’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ ‘बंद करू नका’. मशीनला हात लावू नका, पिन काढू नका, पोरांना खेळू देऊ नका.
– आभाळ दाटलं, विजा चमकायला लागल्या की काम थांबवा आणि पिनच बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पण अपडेट चालू असेल तर ते आधी पूर्ण होऊ द्या.
– अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.
– दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि तो पेनड्राइव्ह वेगळ्या घरी ठेवा. पेटी एका घरी, किल्ली दुसऱ्या घरी, हा नियम आपण पाळतोच. इथेही तोच.

८. पुढच्या बैठकीत करायचा सराव

हा पाठ एकीने मोठ्याने वाचावा आणि मग ही तीन कामं करावीत.

काम १. मशीनची ओळख-पाटी. एका पुठ्ठ्यावर लिहा: कंपनी, पूर्ण मॉडेल क्रमांक (लॅपटॉपच्या खालच्या बाजूला असतो), अनुक्रमांक, घेतल्याची तारीख, वॉरंटी कधीपर्यंत, बिल कोणत्या फाईलीत. बिटलॉकरची किल्ली मात्र या पाटीवर लिहू नका, ती पेटीत. वॉरंटी बाकी असेल तर मशीन बाहेर उघडायला देऊ नका, आधी कंपनीच्या केंद्रात न्या.

काम २. बिघाडाची नोंद. रजिस्टरमध्ये एक पान ठेवा. मशीन अडलं की चार ओळी लिहायच्या: कधी बंद पडलं, त्या वेळी काय चालू होतं, स्क्रीनवर काय दिसलं, आता दिवा-पंखा-आवाज काय आहे. शक्य असेल तर स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. इंग्रजी वाचता आलं नाही तरी फोटो सगळं सांगतो.

काम ३. ठराव. यंत्रदुरुस्तीसाठी दुसरं कर्ज मागितलं गेलं तर आधी दोन ठिकाणचा लेखी अंदाज घ्यावा, असा ठराव गटात चर्चेला ठेवा. हा नियम कोणावर अविश्वास म्हणून करायचा नाही. कर्ज घेणारी सखी घाबरलेली असते, तेव्हा तिच्या वतीने शांत डोक्याने विचार करायला गट आहे.

आता स्वतःला विचारायचे प्रश्न:

– कंपनीचं चिन्ह दिसतंय पण विंडोज येत नाही. दोष बायोसचा आहे का?
– बायोस गेला म्हणजे गटाचा हिशेब गेला का?
– नाण्यासारखा सेल बदलला की बिघडलेला बायोस दुरुस्त होतो का?

तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे. का नाही, हे प्रत्येकीने आपल्या शब्दांत सांगायचं. जिला सांगता आलं तिने शेजारणीला समजावायचं.

सख्यांनो, मशीन उघडून चिप भरणं आपल्यापैकी प्रत्येकीला जमलं पाहिजे असं नाही. शिवणयंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री वेगळा असतो, पण दोरा तुटतोय की सुई वाकलीय एवढं आपल्याला कळतंच ना. संगणकाचंही तेवढंच कळलं तरी पुष्कळ आहे. ओळख-पाटी तयार झाली की तिचा फोटो आपल्या सीआरपी ताईंकडे द्या. पुढच्या प्रभाग बैठकीत किती ग्रामसंघांचं काम झालं ते आपण मिळून बघू.

– क्षेत्र समन्वयक, ढाणकी